मराठी पुस्तक पारंपरिक वळणाच्या टाइपात लावताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नागपुरात दसऱ्याच्या महिनाभर आधी छापखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर पुस्तक पोचलंच पाहिजे म्हणून आलेले, दिवाळी अंकवाले, संस्थांच्या स्मरणिका काढणारे, निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहून आणलेले गुरुजी, सगळे एकाच वेळी हजर. या गर्दीत जी पुस्तकं बिघडतात, ती बहुधा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी स्क्रीनवर बघून फॉन्ट पसंत होतो, मग पानं लागतात. मग लक्षात येतं की अर्धा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. तो बदलताना अक्षरं फुटतात, प्रूफं वाढतात, पानं वाढतात, आणि शेवटी जागा वाचवायला अक्षर दाबून चपटं केलं जातं.

हा लेख पारंपरिक, म्हणजे जाड-बारीक वळणाच्या टाइपाबद्दल आहे. रोमन लिपीत अशा अक्षरांच्या टोकांना पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. देवनागरीत पाय नाहीत. तिथे हेच काम बोरूच्या तिरक्या कापातून आलेला जाड-बारीकपणा, तिरकी कापलेली टोकं आणि भरीव गाठी करतात. असा टाइप लांब मजकुराला उत्तम, पण बारीक रेघांमुळे नाजूकही. एकसारख्या जाडीच्या अक्षरांत जे खपून जातं ते इथे खपत नाही.

टप्पा १ : आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, वर फक्त मराठीचं चित्र. तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, बदलल्याशिवाय पुढचा एकही निर्णय घेऊ नका. नंतर बदलला तर लावलेली पानं पुन्हा लावावी लागतात.

बदलण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. एकाच फाइलमध्ये दोन-तीन फॉन्ट मिसळलेले असतील (प्रस्तावना एकाने टाइप केली, मनोगत दुसऱ्याने, हे नेहमीचंच) तर ते भाग वेगळे करून एकेक बदला. मजकुरातले इंग्रजी शब्द आधीच खूण करून बाजूला काढा. नाहीतर बदलणारं सॉफ्टवेअर त्यांनाही मराठीचे संकेत समजतं आणि संदर्भसूचीतल्या इंग्रजी नावांची अगम्य देवनागरी होते. नावं एकदा गेली की अंदाजाने परत मिळत नाहीत.

बदल झाल्यावर वाचत बसण्याआधी ‘शोधा’ची खिडकी उघडा आणि हे शोधून काढा:

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ हे शब्द निम्म्या हस्तलिखितांत दोन टिंबांच्या विरामचिन्हाने लिहिलेले असतात. दिसायला जवळपास सारखं, पण टिंबांची जागा चुकते आणि ओळ नेमकी तिथेच तुटू शकते. सरसकट बदल करू नका; संवादापूर्वीचा खरा अपूर्णविराम वाचला पाहिजे.

अर्धा र. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे वेगळे शब्द. बदलताना दुसऱ्याचा पहिला होतो आणि डोंगरदऱ्यांच्या जागी समुद्र किंवा स्वयंपाक्याच्या जागी गुरू येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘J’ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ मिळतो. त्याला हलन्त आणि य जोडला की ऱ्य. दुसऱ्या रीतीने, अदृश्य जोडचिन्ह घालून केलेला अर्धा र दिसतो सारखाच, पण शोधताना सापडत नाही. सगळ्या पुस्तकात एकच रीत ठेवा.

ॲ. हे एकसंध अक्षर आहे. अ वर वेगळी चंद्राची खूण ठेवून केलेला काही फॉन्टांत फाटतो. ‘ॲड.’, ‘ॲक्ट’ शोधून एकसारखे करा.

दोनदा पडलेला काना किंवा मात्रा, शब्दाच्या सुरुवातीला एकटी पडलेली ऱ्हस्व वेलांटी, विरामचिन्हाआधीची मोकळी जागा, जोडीने आलेल्या मोकळ्या जागा, सरळ अवतरणचिन्हं. हे सगळं याच टप्प्यात.

सावधान: या टप्प्यात शुद्धलेखन सुधारत बसू नका. बिघाड सॉफ्टवेअरने केला की लेखकाने, हे वेगळं कळलं पाहिजे. आधी बिघाड काढा, मग मुद्रितशोधकाला द्या.

टप्पा २ : टाइप निवडा, पण आपल्या शब्दांवर

फॉन्टच्या नावावरून किंवा संकेतस्थळावरच्या एका सुंदर ओळीवरून निवड होत नाही. हा परिच्छेद कॉपी करून प्रत्येक उमेदवार फॉन्टमध्ये लावून बघा:

‘दऱ्याखोऱ्यांतून वाहणाऱ्या नदीकाठी आचार्यांनी आचाऱ्याला विचारले, “ॲड. साहेब ऑक्टोबरात येणार का?” दुःखाने हृदय भरून आलेल्या वृद्धाने शत्रूच्या मूर्तीकडे पाहिले. वाङ्मय, ब्राह्मण, चिन्ह, उद्ध्वस्त, द्वंद्व, ज्येष्ठ, षट्कोन, स्थिती, स्त्रियांनी, क्षितिज, शिल्लक, लिंबू, श्लोक, ०१२३४५६७८९.’

अर्थाच्या नावाने शून्य, पण यात अडचणीची बहुतेक ठिकाणं येतात. काय बघायचं ते असं.

पहिल्या वेलांटीची पोच. ‘शिल्लक’, ‘स्थिती’, ‘स्त्रियांनी’ यांत वेलांटीची कमान अक्षराच्या कान्यापर्यंत पोचते का? चांगल्या टाइपात अरुंद आणि रुंद अक्षरांसाठी वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदी काढलेल्या असतात. साध्या फॉन्टात एकच असते, मग ती ‘स्त्रि’च्या मधेच लटकते. ही एक जागा बघितली तरी फॉन्टवर किती मेहनत झाली आहे ते कळतं.

जोडाक्षरं. ‘द्ध’, ‘ङ्म’, ‘ह्म’, ‘ट्क’ ही नीट जुळतात की हलन्ताचा पाय उघडा दिसतो? ‘ट्क’मध्ये हलन्त दिसला तर चालून जाईल, ‘ह्म’ आणि ‘द्ध’मध्ये दिसला तर तो फॉन्ट पुस्तकाला घेऊ नका.

पोकळ्या. ‘ष’ आणि ‘क्ष’च्या पोटातली जागा, ‘श’ची गाठ, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक. शाई पसरल्यावर ही जागा आणखी कमी होणार आहे.

आणि ‘ल’, ‘श’. यावर नागपुरात जरा जास्तच बोलावं लागतं. हे शहर १९५६पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. आजही एकच ऑपरेटर सकाळी हिंदी पत्रिका आणि दुपारी मराठी कवितासंग्रह लावतो. त्याच्या संगणकावरचा फॉन्ट बहुधा हिंदी वळणाचा असतो. मग मराठी पुस्तकात दंडाचा ‘ल’ आणि शेंडीफोड ‘श’ येतो, आणि लेखकाला काहीतरी खुपतं पण काय ते सांगता येत नाही. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा. राज्य शासनाच्या वर्णमालेबाबतच्या २०२२च्या निर्णयातही हीच रूपं आहेत. अंकांत ५, ८ आणि ९ याच नजरेने बघा.

उमेदवारांबद्दल माझं मत थोडक्यात. तिरो देवनागरी मराठी हा पुस्तकासाठी सहज पहिला पर्याय: जाड-बारीकपणा स्पष्ट, जोडाक्षरं भरपूर, सोबतची रोमन अक्षरंही सेरिफची. पण तिरोचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत आणि घाईत हिंदीचा उतरवून घेतला जातो. शिवाय त्यात ठळक वजन (जाड अक्षरांचा वेगळा संच) नाही. नोटो सेरिफ देवनागरीत वजनं भरपूर, त्यामुळे पाठ्यपुस्तकं, अहवाल, कोश अशा कामांना सोयीचा. सौंदर्य जरा कोरडं. मार्टेल दणकट आहे, हलक्या कागदावर तग धरतो. यशोमुद्रा आणि शोभिका याही बघाव्यात, विशेषतः संस्कृत अवतरणं खूप असतील तर शोभिका. हे सगळे फॉन्ट विनामूल्य, खुल्या परवान्याचे आहेत. ऑपरेटरकडे ‘हाच एक मिळतो’ हे कारण आता चालत नाही.

कुठे वापरू नये तेही सांगून टाकतो. फ्लेक्स, दुकानाची पाटी, फोटोवर पांढऱ्या अक्षरांत छापलेली ओळ, आठ पॉइंटातला तक्ता, मोबाइलवर फिरवायचं निमंत्रण. इथे बारीक रेघा हरवतात. एकसारख्या जाडीचा मुक्तासारखा टाइप घ्या आणि मोकळे व्हा.

टप्पा ३ : नमुना पान, त्याच कागदावर

इथेच लोक वेळ वाचवायला जातात आणि पुस्तक गमावतात. स्क्रीनवर अक्षर प्रकाशात दिसतं, कागदावर शाईत. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या कागदावर, ऑफसेटची शाई थोडी पसरते, म्हणून जाड रेघ आणखी जाड होते आणि पोकळी भरते. आर्ट पेपरवर ती पसरत नाही, तिथे हीच बारीक रेघ झिरझिरीत वाटते. एकच टाइप दोन कागदांवर दोन स्वभावांचा होतो.

छापखान्यातून पुस्तकासाठी ठरलेल्या कागदाचे पाच-सहा ताव मागून घ्या, ए-फोर आकारात कापून आणा. पुस्तकातलं एक खरं पान निवडा. त्यात संवाद हवा, एखादा आकडा आणि एखादं इंग्रजी नाव हवं. दोन फॉन्ट, प्रत्येकी १२, १३ आणि १४ पॉइंट, अशी सहा पानं लेझर प्रिंटरवर काढा.

सावधान: प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद आणि प्रमाण १०० टक्के. नाहीतर १३ पॉइंट म्हणून जे पसंत कराल ते प्रत्यक्षात बाराच्या आसपासचं असेल.

तपासा: पान पुस्तकाच्या आकारात कापून हातात धरा. साठीच्या पुढच्या एखाद्या वाचकाला रात्री ट्यूबलाइटखाली वाचायला द्या. ‘कसं वाटतं’ असं विचारू नका, चार ओळी मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची गल्लत होते आहे का ते बघा. एकदा हे केलं की आकाराबद्दलचा वाद संपतो.

टप्पा ४ : आकार, ओळींतलं अंतर आणि पानांचं गणित

सॉफ्टवेअरमध्ये ओळींचं आपोआपचं अंतर अक्षराच्या १२० टक्के असतं. ते रोमन लिपीच्या हिशोबाने आहे. मराठीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, रकार, उभी जोडाक्षरं असतात. ‘शत्रू’च्या खालच्या ओळीत नेमका ‘मूर्तीं’ आला की उकार आणि अनुस्वार एकमेकांत घुसतात. म्हणून अंतर हाताने ठरवा: अक्षराच्या १४० ते १५० टक्के.

तपासा: दोन ओळी मुद्दाम अशा लिहा की वर ‘शत्रू, कुत्रू, हृद्रू’ असं काहीही आणि खाली ‘मूर्तीं, वर्षीं, कीर्तीं’ येईल. शब्द खरे असायची गरज नाही. वरचे-खालचे अवयव टेकले तर अर्धा पॉइंट वाढवा.

डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या पानासाठी एक चालणारं माप देतो. पान १४० बाय २१६ मिलिमीटर. आतला समास २० (बांधणीत चार-पाच मिलिमीटर जातातच), बाहेरचा १६, म्हणजे ओळीची लांबी १०४. अक्षर १३ पॉइंट, ओळ १९ पॉइंट, पानात २६ ओळी. १९ गुणिले २६ म्हणजे ४९४ पॉइंट, साधारण १७४ मिलिमीटर. उरलेल्या ४२पैकी वर १८, खाली २४, त्यातच पृष्ठांक. ओळीत सरासरी नऊ शब्द धरा. परिच्छेद अर्ध्यावर संपतात, संवादाच्या ओळी तोकड्या असतात, म्हणून पानाला २०० शब्द.

चाळीस हजार शब्दांचं पुस्तक असेल तर मजकुराची २०० पानं, वर अर्पणपत्रिका, अनुक्रम वगैरे आठ. एकूण २०८, म्हणजे सोळापानी बरोबर १३ फर्मे (एक ताव छापून घडी घातली की होणारा पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). असं बसलं तर उत्तम, पण सहसा बसत नाही. २१४ आली तर काय?

इथे नेहमीची चूक होते: अक्षर आडवं ९२ टक्क्यांवर दाबायचं. जाड-बारीक टाइपात आडवं दाबलं की उभे काने बारीक होतात आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते. अक्षराचा तोलच जातो. अनोळखी वाचकालाही ते खटकतं. त्याऐवजी मजकुराची उंची तीच ठेवून २६च्या जागी २७ ओळी घ्या, अंतर १८.३ पॉइंट. मजकुराची २०६ पानं १९९ होतात, आठ मिळवून २०७, एक पान कोरं, तेरा फर्मे कायम. ओळींतलं अंतर अजून १४० टक्क्यांवरच आहे.

टप्पा ५ : सॉफ्टवेअरमध्ये आधी या गोष्टी लावा, मग मजकूर ओता

पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोड ओळखत नाही. छापखान्याने ‘आमच्याकडे पेजमेकर आहे, परत जुन्या फॉन्टमध्ये करून द्या’ म्हटलं तर नम्रपणे नकार द्या आणि तयार पीडीएफ देऊ म्हणून सांगा. पहिल्या टप्प्याची सगळी मेहनत त्या एका होकारात वाया जाते.

इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरं ओळीत बसवणारी सोय) निवडा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. भाषा ‘मराठी’ करा. ज्या फॉन्टमध्ये ‘ल’, ‘श’ची दोन्ही रूपं असतात, तिथे भाषा मराठी केल्यावरच मराठी रूप येतं, हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर चांगला फॉन्ट घेऊनही दंडाचा ‘ल’ छापला जातो.

दोन्ही बाजूंनी सरळ लावलेल्या मजकुरात फक्त शब्दांतलं अंतर कमीजास्त होऊ द्या: ८०, १००, १३० टक्के. अक्षरांतलं अंतर शून्य, शून्य, शून्य. अक्षराची रुंदी १००, १००, १००. कर्निंग (अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर) ‘मेट्रिक्स’वर, ‘ऑप्टिकल’वर नाही. अक्षरांत थोडंसं अंतर वाढलं तरी शिरोरेषेला चिरा पडतात. स्क्रीनवर दिसत नाहीत, प्लेटवर दिसतात. कमी केलं तर काना काना चिकटतो.

शब्द तोडणं लांब ओळीत बंदच ठेवा. दिवाळी अंकासारख्या दोन कॉलमांत लागलं तर सुरू करा, पण प्रत्येक तोड डोळ्यांखालून घाला.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की देवनागरीचा फॉन्ट आणि आकार फॉन्टच्या खिडकीत वेगळ्या रकान्यात, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’खाली, असतो. वरच्या पट्टीत १३ दिसत असताना मराठी अकरा पॉइंटात छापली जाते ती यामुळे. लिब्रेऑफिसमध्येही असाच वेगळा रकाना आहे. स्टाइलमध्ये बदला, निवडलेल्या मजकुरावर नाही.

टप्पा ६ : मराठीतलं इंग्रजी

पुस्तकात दहा-बारा इंग्रजी नावं असली तरी ती पानावर डाग पडल्यासारखी दिसू शकतात. सवयीने टाइम्स न्यू रोमन लावला जातो. हा टाइप लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रासाठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि १९३२ साली तिथे वापरात आला. वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमात जास्त मजकूर मावावा म्हणून त्याची अक्षरं अंगाने आखडती आहेत. देवनागरीच्या ऐसपैस अक्षरांशेजारी ती दाटीवाटीने बसलेली दिसतात. त्यापेक्षा देवनागरी फॉन्टसोबत आलेलीच रोमन अक्षरं वापरा. ती शेजारी बसवूनच काढलेली असतात.

वेगळा रोमन फॉन्ट हवाच असेल तर त्याच्या लहान लिपीतल्या अक्षरांची उंची आणि देवनागरीत शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची शेजारी ठेवून बघा. रोमन अक्षरं साधारण थोडी बुटकी हवीत, अगदी बरोबरीने आली तर ओरडतात. आकार ठरला की तो ग्रेप स्टाइलने (ठरावीक अक्षरं शोधून त्यांना स्टाइल लावणारी इनडिझाइनची सोय) रोमन अक्षरांना आपोआप लागेल असं करा. प्रत्येक शब्द हाताने निवडलात तर चाळिसाव्या पानानंतर विसराल.

इंग्रजी ग्रंथनामं तिरप्या अक्षरांत, मराठी ग्रंथनामं एकेरी अवतरणात. सरळ देवनागरीला सॉफ्टवेअरने तिरपं करू नका.

टप्पा ७ : शीर्षकं आणि ठळक अक्षरं

तिरोसारख्या एकाच वजनाच्या फॉन्टात वर्डचं ठळक बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षराला खोटी जाडी देतं. इनडिझाइनमध्ये ऑपरेटर हेच काम अक्षराला पाव पॉइंटाची कड देऊन करतात. दोन्हींत बारीक रेघ जाड होते, पोकळी बुजते आणि टाइपाचं वळणच मरतं. मधल्या मथळ्यांना ठळक हवंच असेल तर वजनं असलेलं कुटुंब निवडा. नसेल तर तोच टाइप १८ ते २२ पॉइंटात, वर दोन ओळींची मोकळी जागा सोडून लावा. मोठ्या आकारात जाड-बारीक वळण आपोआप खुलतं. सावल्या, उठाव, चौकटी नकोतच.

टप्पा ८ : प्रूफ नेहमी कागदावर

पहिलं प्रूफ मजकुराचं, दुसरं मांडणीचं. एकाच बैठकीत दोन्ही बघितली की दोन्ही अर्धवट होतात. मांडणीच्या प्रूफात पान उलटं धरून बघा: शब्दांमधली पांढरी भगदाडं वाचताना दिसत नाहीत, उलटं धरल्यावर लगेच दिसतात. पानाच्या माथ्यावर परिच्छेदाची एकटी अर्धी ओळ, मथळा तळाला आणि मजकूर पुढच्या पानावर, अवतरणचिन्ह ओळीच्या सुरुवातीला एकटं, या जागा खुणा करून घ्या. शिरोरेषेला चिर कुठे पडली आहे का ते भिंगातून.

लेखकाची ‘जाता जाता एक परिच्छेद’ ही दुरुस्ती दुसऱ्या प्रूफानंतर घेऊ नका. घ्यावीच लागली तर त्या प्रकरणाच्या शेवटपर्यंतची सगळी पानं पुन्हा काढा.

टप्पा ९ : पीडीएफ

मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के. वर्डमधून काढलेल्या पीडीएफमध्ये काळा हा पडद्याच्या रंगांतून बनलेला असतो आणि रंगीत मशीनवर तो चार शायांत फुटू शकतो. चार प्लेटा केसभर सरकल्या तरी बारीक रेघांना रंगीत झालर येते. जाड अक्षरात ती लपते, इथे नाही.

तपासा: ॲक्रोबॅटमध्ये ‘आउटपुट प्रीव्ह्यू’ उघडून काळ्या प्लेटची खूण काढा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. करडं-निळं काही उरलं तर फाइल परत पाठवा.

कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची यादी बघा; प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच सामावलेला) असलं पाहिजे. पीडीएफमधून कॉपी केलेली मराठी गडबडलेली दिसली तर घाबरू नका, छपाईशी त्याचा संबंध नाही.

काही छापखाने अजून कोरलड्रॉची फाइल ‘कर्व्ह करून’ मागतात. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. आकृत्यांत बदलून एकत्र केल्या की चढलेला भाग पांढरा पडतो. द्यावंच लागलं तर चारशे टक्के मोठं करून प्रत्येक प्रकरणातलं निदान एक पान तपासा. मुखपृष्ठासाठी ठीक आहे, दोनशे पानांच्या मजकुरासाठी मी ही अट मान्य करत नाही.

टप्पा १० : मशीनपाशी

पहिला फर्मा निघताना स्वतः जा. सोबत तिसऱ्या टप्प्यात पसंत केलेलं नमुना पान न्या. सुरुवातीचे ताव बघू नका, शाई बसू द्या. मग ‘ष’, ‘क्ष’, ‘श’ यांच्या पोकळ्या आणि अनुस्वाराची टिंबं बघा. पोकळ्या भरल्या असतील तर शाई जास्त आहे, बारीक रेघा तुटत असतील तर कमी. पानाच्या डाव्या आणि उजव्या कडेला वेगवेगळी असू शकते, म्हणून ताव उलगडून दोन्ही टोकं बघा. मशीनमनला ‘फिकं वाटतंय’ एवढंच सांगू नका. नमुन्यातलं अक्षर दाखवा आणि तेवढं करा म्हणा.

बरोबर आलेल्या तावावर सही करून तो मशीनपाशी ठेवायला सांगा. पुस्तकाचे तेरा फर्मे एका दिवसात निघत नाहीत, पाळी बदलते, शाईचा डबा बदलतो. बांधणीला जाण्याआधी प्रत्येक फर्म्याचा एक ताव मागवून सही केलेल्या तावाशेजारी ठेवा. सोळावं आणि सतरावं पान वेगवेगळ्या फर्म्यांतली असून पुस्तकात समोरासमोर येतात. शाईचा फरक असेल तर वाचकाला तो तिथेच दिसणार, म्हणून ती जोडी आधी बघा.